फाइव्ह नाइन, फोर सिक्स : इंदूरच्या गच्चीवरून ऑल एशियन रेडिओ स्पर्धा

सप्टेंबरमधली शनिवारची सकाळ. हेडफोनमध्ये सव्वासहा हजार किलोमीटरवरून एक जपानी आजोबा सांगतात, "फाइव्ह नाइन, सेव्हन एट." तुमचा आवाज स्वच्छ येतोय आणि मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे, असा त्याचा अर्थ. मी उत्तर देते, "फाइव्ह नाइन, फोर सिक्स." ते "थँक यू" म्हणतात आणि पुढच्याला घेतात. सगळं मिळून दहा सेकंद. एवढ्यासाठी मी राजेंद्रनगरच्या घराच्या गच्चीवर वीस मीटर तार ताणते, दोन रात्री अर्धवट झोपते आणि घरच्यांना दोन दिवस आयतं जेवण मागते.

हौशी रेडिओवाल्यांची, म्हणजे हॅम मंडळींची, ही ऑल एशियन स्पर्धा जपान ॲमॅच्युअर रेडिओ लीग दरवर्षी दोन भागांत भरवते. दिलेल्या वेळात जास्तीत जास्त ठाण्यांशी आणि देशांशी संपर्क करायचा. मोर्सचा भाग जूनमध्ये असतो, तर आवाजाचा, म्हणजे फोनचा भाग सप्टेंबरच्या पहिल्या पूर्ण शनिवार-रविवारी. बहुतेक स्पर्धांत सिग्नलच्या अहवालाबरोबर अनुक्रमांक किंवा झोनचा (जगाच्या विभागाचा) आकडा द्यायचा असतो, इथे वय द्यायचं असतं. बायकांना वयाऐवजी शून्य शून्य सांगायची मुभा आहे. मी वयच सांगते. पलीकडे कोण बसलंय हे या स्पर्धेत कळतं आणि मला ते मनापासून आवडतं. बारा वर्षांच्या पोरापाठोपाठ ऐंशीचे आजोबा लॉगमध्ये, म्हणजे संपर्कांच्या नोंदीत, येतात.

परवाना मिळाला, रेडिओही घेतला, पण स्पर्धेत उतरायची भीती वाटते, असं इंदूरमधली बरीच नवी हॅम मंडळी म्हणतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. माझं सांगणं एकच : आधी कान तयार करा, मग माइकला हात लावा. शक्ती आणि अँटेना कमी पडली तरी निभावतं, ऐकण्यात कमी पडलात तर काहीच निभावत नाही.

परवान्याचं आधी

परवान्याशिवाय माइकची कळ दाबायची नाही. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची परीक्षा द्यावी लागते. वयाची बारा वर्षं पूर्ण झालेलं मूलही ती देऊ शकतं. जनरल आणि रिस्ट्रिक्टेड असे दोन प्रकार आहेत. जनरलला मोर्स लागतो, रिस्ट्रिक्टेडला लागत नाही. कोणत्या बँडवर (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर) किती वॅट चालतील हे परवान्याच्या प्रकारावर ठरतं. तो तक्ता स्पर्धेआधी पुन्हा एकदा वाचा. स्पर्धेचे नियम कितीही वॅटची परवानगी देवोत, तुमची मर्यादा परवान्यावर लिहिली आहे तीच.

परवाना अजून आला नसेल तरी हा शनिवार-रविवार फुकट घालवू नका. ऐकायला बसा आणि वहीत लॉग लिहा. माझी पहिली स्पर्धा अशीच ऐकण्यात गेली. आमच्या गल्लीत महूच्या सिग्नल प्रशिक्षणातून निवृत्त झालेले एक काका राहायचे. त्यांनी मला शेजारी बसवलं, दुसरा हेडफोन दिला आणि म्हणाले, "बोलायचं नाही. लिही फक्त." दोन तासांत मी एकेचाळीस कॉलसाइन (प्रत्येक ठाण्याचं परवान्यावरचं सांकेतिक नाव) लिहिले. त्यांनी स्वतःच्या लॉगशी ताडून पाहिले तर त्यातले तेरा चुकलेले. ती वही अजून माझ्याकडे आहे.

कान तयार करणं

स्पर्धेआधी महिनाभर रोज अर्धा तास पुरतो. संध्याकाळी सातनंतर १४ किंवा २१ मेगाहर्ट्झवर जा, डायल हळू फिरवा आणि जो कॉलसाइन ऐकू येईल तो लिहून काढा. घरी रिसीव्हर नसेल तर नेदरलँड्समधल्या ट्वेन्टे विद्यापीठाचा वेबएसडीआर हा ऑनलाइन रिसीव्हर इंटरनेटवर कुणालाही ऐकता येतो. पण तो सरावापुरताच. स्पर्धेच्या वेळी स्वतःच्याच ठाण्यावरच्या अँटेनाने ऐकायचं. दुसऱ्या देशातला रिसीव्हर वापरून संपर्क भरणं म्हणजे सरळ सरळ फसवणूक.

ऐकताना तीन गोष्टींकडे लक्ष द्या. पहिली, देशांचे उपसर्ग : जेए म्हणजे जपान, एचएस थायलंड, वायबी इंडोनेशिया, बीवाय चीन, डीएल जर्मनी, ए६ अमिरात. आपला व्हीयू. अंदमान-निकोबारचा व्हीयू४ आणि लक्षद्वीपचा व्हीयू७ हे हॅमच्या देशयादीत भारतापासून वेगळे धरले जातात, त्यामुळे त्यांच्यामागे जग लागतं. दुसरी गोष्ट फोनेटिक अक्षरं. पुस्तकात अल्फा, ब्राव्हो, चार्ली असतं, पण हवेत लोक जपान, रेडिओ, सान्तियागो, झांझिबार असलं काहीही म्हणतात. ते कानाला सवयीचं झालं पाहिजे.

तिसरी गोष्ट आकडे, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. गोंगाटात 'सिक्स्टीन' आणि 'सिक्स्टी' एकसारखे ऐकू येतात. सोळा वर्षांच्या मुलीला साठ लिहिलं तर तो संपर्क बाद. म्हणून तुम्ही सांगताना कधीही 'फॉर्टी सिक्स' म्हणू नका, सुटे आकडे म्हणा : 'फोर सिक्स'. समोरच्याने जोडून सांगितलं आणि शंका आली तर विचारा, "एज वन सिक्स ऑर सिक्स झीरो?" लाजू नका. शंका ठेवून पुढे जाण्यापेक्षा पाच सेकंद घालवणं परवडतं.

कच्छमध्ये २६ जानेवारी २००१ ला भूकंप झाला, टेलिफोन बंद पडले, तेव्हा हॅम मंडळींनी रेडिओवरून निरोप पोचवले. त्या वेळी नाव, गाव, औषध यातलं एक अक्षर चुकलं तरी कुणाचं तरी नुकसान होणार होतं. स्पर्धेत आपण जो कान तयार करतो तो हाच.

तार

शंभर वॅटचा रेडिओ आणि साधा डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली दोन बाजूंची तार, एवढ्यावर माझं सगळं चालतं. मोठ्या बीम अँटेनाची स्वप्नं नंतर बघा.

डायपोलची एकूण लांबी मीटरमध्ये काढायची तर १४३ ला मेगाहर्ट्झने भागा. ७.०५० साठी साधारण २०.२८ मीटर येतात, म्हणजे प्रत्येक बाजू १०.१४. हीच तार २१ मेगाहर्ट्झवरही बरी चालते, कारण २१ ही ७ ची तिप्पट. एका तारेत दोन बँड मिळाले. २१ वरचा रेझोनन्स (तार जिथे सगळ्यात चांगली चालते ती फ्रिक्वेन्सी) थोडा वर सरकतो, म्हणून मी तार ७.१०० ऐवजी ७.०५० ला धरून कापते आणि उरलेलं काम रेडिओचा ट्यूनर करतो. १४ साठी वेगळा डायपोल हवा : १४.२ ला एकूण १०.०७ मीटर, प्रत्येक बाजू पाच मीटरला जेमतेम वर.

हे आकडे मोकळ्या मैदानातले आहेत. इंदूरच्या गच्चीवर पाण्याची टाकी, लोखंडी जिना, शेजारच्या गच्चीचा पत्रा, सगळं जवळ असतं आणि लांबी बदलते. म्हणून प्रत्येक बाजू १०.५ मीटर कापा आणि टोकाची जास्तीची तार न तोडता मागे दुमडून गुंडाळा. एसडब्ल्यूआर (तारेकडून किती शक्ती रेडिओकडे परत येते याचं माप) मोजा, किमान बिंदू खालच्या फ्रिक्वेन्सीला दिसला तर आणखी दुमडा. तार तोडली की परत जोडता येत नाही, दुमडलेली मात्र परत सोडता येते.

मधला बिंदू मी टाकीवर बांधलेल्या जाड बांबूवर नेते आणि दोन्ही टोकं तिरपी खाली आणते. टोकं माणसाच्या हाताच्या टप्प्यात येऊ देऊ नका. प्रसारण चालू असताना तिथे चटका बसण्याइतका व्होल्टेज असतो. पतंगाच्या दिवसांत पोरं गच्च्यांवर असतात, हे विसरू नका. आणि विजेच्या खांबावरच्या तारांपासून इतकं लांब राहा की बांबू आडवा पडला तरी तिथे पोचणार नाही. केबल जिथे तारेला जोडली जाते तिथेच तिचे आठ-दहा वेढे गोल गुंडाळून पट्टीने बांधा. साधा चोक तयार होतो आणि केबलच्या बाहेरच्या कवचावरून घरातला गोंगाट वर चढत नाही.

दिशा? इंदूरहून जपान साधारण ६१ अंशांवर, ईशान्येला. मध्य युरोप ३१६ अंशांवर, वायव्येला. डायपोल तारेच्या काटकोनात जास्त फेकतो. तार ईशान्य-नैर्ऋत्य ताणली तर युरोप आणि पाठीमागे इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया मिळतात. वायव्य-आग्नेय ताणली तर जपान आणि पाठीमागे आफ्रिका. पण ७ मेगाहर्ट्झवर आपली दहा मीटरची उंची म्हणजे पाव तरंगलांबी. तिथे दिशेचा फारसा फरक पडत नाही. आणि ७ ची तार २१ वर वापरली की तिच्या पाकळ्या फुटून चारी बाजूंना जातात. दिशेची चिंता करायची तर १४ च्या डायपोलसाठी करा, बाकी तार जिथे बसते तिथे बसवा.

माळव्यात सप्टेंबरच्या सुरुवातीला पाऊस गेलेला नसतो. दुपारी गडगडाट सुरू झाला की रेडिओ नुसता बंद करून भागत नाही. अँटेनाची केबल रेडिओपासून काढून खिडकीबाहेर टाका आणि वीजपुरवठ्याची पिनही काढा. गुण जातील, जाऊ द्या. मी हेडफोनमध्ये पहिली कडकड ऐकली की उठते, आकाश बघायला थांबत नाही.

गोंगाट शोधणं

शहरात राहणाऱ्याचं निम्मं काम इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्या घरी एस मीटर, म्हणजे सिग्नलची ताकद दाखवणारा रेडिओवरचा मीटर, ७ मेगाहर्ट्झवर सतत एस ७ दाखवायचा. म्हणजे त्याच्या खालचे सगळे सिग्नल गाडले गेले. एका रविवारी दुपारी रेडिओ गाडीच्या बॅटरीवर लावला, हेडफोन घातले आणि मुलाला मीटरच्या पेटीपाशी उभं केलं. तो एकेक एमसीबी पाडत गेला, मी ओरडून सांगत गेले. हॉल : फरक नाही. स्वयंपाकघर : फरक नाही. मागच्या खोलीचा एमसीबी पडला आणि सुई एकदम एस ४ वर आली. कानातला तो खरखरीत पडदा कुणी ओढून बाजूला केल्यासारखा झाला आणि मागून एक बारीक आवाज सीक्यू (कुणीही उत्तर द्या, अशी हाक) देताना ऐकू आला. त्या खोलीत लॅपटॉपचा एक स्वस्तातला चार्जर कायम लावलेला असायचा. तो फेकला. मग मेन स्विचच पाडला, तरी एस ४ राहिलाच, म्हणजे बाकीचा गोंगाट बाहेरचा.

बाहेरचा शोधायला पॉकेट ट्रान्झिस्टर घ्या, मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावा आणि गल्लीत फिरा. आवाज वाढत जाईल तिकडे जा. मला तो शेजारच्या भाभींच्या बाल्कनीतल्या एलईडी माळेपर्यंत घेऊन गेला. भांडायला नव्हे, विचारायला जा. मी त्यांना हेडफोन दिला, माळ लावून आणि काढून दाखवली. फरक त्यांनाच ऐकू आला. आता स्पर्धेच्या दोन रात्री त्या माळ बंद ठेवतात आणि सोमवारी विचारतात, "कितने देश हुए?"

२०२५ मध्ये स्पर्धेचा शनिवार ६ सप्टेंबरला होता आणि त्याच दिवशी अनंत चतुर्दशी. इंदूरमध्ये त्या रात्री काय असतं हे इंदूरकरांना सांगायला नको : गिरण्यांच्या झाकी (देखाव्यांचे रथ), रात्रभर माणसं, रोषणाईच्या माळा. त्या रात्री ७ मेगाहर्ट्झवर रोषणाईचा खरखराट ऐकू येणारच, आणि त्याबद्दल कुणाला बोलायचा प्रश्नही नाही. मी तेव्हा रात्री वरच्या १४ वर राहिले, कारण तिथे गोंगाट कमी होता, आणि बाराच्या पुढे घरच्यांबरोबर झाकी बघायला गेले. ज्या वर्षी सण आणि स्पर्धा एकत्र येतील त्या वर्षी योजना अशी आधीच ठरवा.

रेडिओवरची दोन बटणंही गोंगाट कमी करतात. रात्री ७ मेगाहर्ट्झवर प्रीॲम्प (येणारा सिग्नल वाढवणारा) बंद ठेवा आणि आरएफ गेन (रिसीव्हरची संवेदनशीलता) मागे आणा. सिग्नलही कमी होईल, पण शब्दांच्या मधल्या जागेत गोंगाट उसळून वर येणार नाही. फिल्टर २.४ वरून १.८ किलोहर्ट्झवर आणलात तर आवाज जरा चपटा लागतो, पण शेजारचं स्टेशन कानात शिरत नाही.

लॉग आणि वेळ

स्पर्धा शनिवारी ०००० यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळेला) सुरू होते. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच. संपते सोमवारी पहाटे साडेपाचला. लॉगमधली प्रत्येक नोंद यूटीसीत लागते, भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करून. रविवारी पहाटे पाच वाजता तुमच्या भिंतीवर रविवार असतो, पण लॉगमध्ये शनिवारचे साडेतेवीस. नवी माणसं हमखास इथे चुकतात. एक स्वस्तातलं घड्याळ यूटीसीला लावून रेडिओवर ठेवा.

एनवनएमएम लॉगर प्लस हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम विंडोजवर चालतो. त्यात स्पर्धा निवडली की तो वयाचा रकाना स्वतः मांडतो, एकाच बँडवर आधी झालेला संपर्क करडा दाखवतो आणि शेवटी काब्रिलो या स्पर्धांसाठी ठरलेल्या नमुन्यातली फाइल काढून देतो. स्पर्धेच्या आदल्या शुक्रवारी त्यात दहा खोटे संपर्क भरून पाहा, फाइल काढून पाहा, मग पुसून टाका. संगणक बंद पडला तर म्हणून शेजारी वही आणि दोन पेन ठेवा. वीज गेली की मी वहीवर जाते, आणि खरं सांगायचं तर त्या तासांत माझ्या चुका कमी होतात.

गुणांचं गणित समजून घ्या. संपर्कांचे एकूण गुण गुणिले प्रत्येक बँडवर मिळालेले वेगवेगळे देश. समजा तुमचे १०० गुण आणि २० देश झाले, तर एकूण २,०००. एक नवा देश मिळाला तर एकदम शंभरच्या वर भर. म्हणून जपानचे पाच संपर्क सोडून एका मंगोलियामागे पाच मिनिटं घालवणं शहाणपणाचं असतं. जपान २१ वर मिळाला तरी १४ वर पुन्हा नवा देश म्हणूनच मोजला जातो. कोणत्या बँडवर किती गुण हा तक्ता नियमपत्रिकेत असतो. तो छापून डोळ्यांसमोर लावा आणि तुमच्या शक्तीला कोणता गट बसतो हेही तिथेच बघा.

१०, १८ आणि २४ मेगाहर्ट्झच्या बँडवर स्पर्धा होत नाहीत. हा जगभर पाळला जाणारा संकेत आहे, ज्यांना शांतपणे बोलायचं त्यांच्यासाठी राखलेली जागा. तिथे चुकूनही सीक्यू देऊ नका. आणि बँडच्या कडेपासून तीन किलोहर्ट्झ आत राहा. १४.३५० वर बँड संपतो. अप्पर साइडबँडवर आवाज डायलच्या वरच्या बाजूला पसरतो, म्हणून १४.३४९ ला बोललात तर तुमचा आवाज बँडबाहेर सांडतो. ७ वर लोअर साइडबँड असतो, तिथे आवाज डायलच्या खालच्या बाजूला पसरतो.

शनिवार, पहाटे साडेपाच

पहिल्यांदा उतरणाऱ्याने सीक्यू देत बसू नये. फिरत राहा, ऐका आणि जो सीक्यू देतोय त्याला उत्तर द्या. क्रम असा.

आधी तो कोण आहे ते पूर्ण ऐका. कॉलसाइन पक्का लिहून लॉगरमध्ये टाका. करडा दाखवला तर पुढे जा. तो "क्यूआरझेड" (कोण हाक मारतंय?) किंवा "कॉन्टेस्ट" म्हणून थांबला की तुमचा पूर्ण कॉलसाइन एकदाच म्हणा : "व्हिक्टर युनिफॉर्म थ्री" आणि पुढची अक्षरं. त्याचा कॉलसाइन परत म्हणू नका, त्याला तो माहीत आहे. अर्धा कॉलसाइन देऊ नका. आणि लगेच ऐका. त्याने दुसऱ्या कुणाला घेतलं तर गप्प. त्याने "व्हिक्टर युनिफॉर्म?" एवढंच म्हटलं तर तुमचा पूर्ण कॉलसाइन परत द्या. त्याने तुमचा कॉलसाइन म्हणून "फाइव्ह नाइन सेव्हन टू" दिलं की तुम्ही "थँक यू, फाइव्ह नाइन फोर सिक्स". तो "थँक यू" म्हणाला म्हणजे संपर्क झाला. मगच एंटर दाबा.

त्याने तुमचा कॉलसाइन चुकीचा म्हटला तर अहवाल देऊ नका, आधी दुरुस्त करा. चुकलेलं अक्षरच दोनदा जोर देऊन म्हणा. तो बरोबर म्हणेपर्यंत पुढे सरकू नका. तुमचा कॉलसाइन त्याच्या लॉगमध्ये चुकला तर त्याचेही गुण जातात, म्हणून कुणीही यावर चिडत नाही.

गर्दी असेल, म्हणजे पंधरा जण एकाच वेळी ओरडत असतील, तर तिथे उभं राहण्याची एक रीत आहे. त्याची लय ऐका. तो गर्दीतून कुणाला उचलतो? जो सगळे थांबल्यावर अर्धा सेकंद उशिरा येतो त्याला, की पहिल्यालाच? तीन संपर्क नुसते ऐकलेत की कळतं. मग त्या जागी तुमचा कॉलसाइन टाका. शंभर वॅटने किलोवॅटवाल्यांमधून पुढे जायची माझी एवढीच युक्ती आहे. डायल थोडी हलवून पन्नास-साठ हर्ट्झ वर बोललात तर तुमचा सूर गर्दीपेक्षा जरासा वेगळा लागतो, तेही उपयोगी पडतं.

दिवसाचा आराखडा माझा असा असतो. पहाटे साडेपाच ते सूर्योदय ७ मेगाहर्ट्झ, कारण युरोपात तेव्हा रात्र असते आणि आपल्याकडे उजाडेपर्यंत तो रस्ता उघडा असतो. सूर्य चढला की ७ बंद होतो. मग पोहे, शेव घालून, उभ्याउभ्या. साडेसात-आठपासून २१ वर जपान आणि आग्नेय आशिया. दुपारी बारा ते दोन २८ तपासायचा : रिकामा असेल तर पाच मिनिटांत निघा, भरला असेल तर तिथून उठू नका. दोननंतर २१ वर युरोप यायला लागतो आणि संध्याकाळपर्यंत टिकतो. सातनंतर ७ वर पूर्वेकडचे देश, आठनंतर १४ वर युरोप. रात्री एक ते साडेचार झोप. ही झोप मी सोडत नाही. झोपेत लिहिलेले कॉलसाइन चुकतात, आणि चुकलेल्या संपर्कापेक्षा न झालेला संपर्क बरा.

आयनांबर, म्हणजे रेडिओ लहरी परत खाली वळवणारा आकाशातला थर, काही आपल्या वेळापत्रकावर चालत नाही. सूर्यावर उद्रेक झाला तर दिवसा सगळे बँड तासभर मुके होतात. रेडिओ बिघडला असं समजून तारा उचकटत बसू नका. चहा घ्या.

स्वतः सीक्यू देणं

शंभरेक संपर्क झाले, लय बसली, की रविवारी दुपारी २१ वर तासभर हे करून पाहा. फ्रिक्वेन्सी शोधा, अर्धा मिनिट ऐका, "इज धिस फ्रिक्वेन्सी इन यूज?" असं दोनदा विचारा. कुणी हो म्हटलं तर सॉरी म्हणून निघा. नाहीतर "सीक्यू कॉन्टेस्ट" आणि तुमचा कॉलसाइन दोनदा, मग चार सेकंद शांतता. लांबलचक सीक्यू देऊ नका, फिरणारा माणूस तेवढा थांबत नाही.

भारताचा कॉलसाइन युरोपला हवा असतो, त्यामुळे एकदम पाच-सहा जण येतील. घाबरून "अगेन अगेन" करू नका. जे दोन अक्षर ऐकू आले तेच म्हणा : "स्टेशन लिमा झुलू?" बाकीचे थांबतात. तो आला की त्याचा संपर्क पूर्ण करा, मधूनच दुसऱ्याला घेऊ नका. सूर शांत ठेवा. तुमची लय नीट असली की गर्दी नीट वागते, हे मी दर वर्षी पाहते. आणि दर दोन-तीन संपर्कांनंतर स्वतःचा कॉलसाइन म्हणायला विसरू नका. नव्याने आलेल्याला तुम्ही कोण ते कळलं पाहिजे, परवान्याचा नियमही तेच सांगतो.

घसा जातो. गरम पाणी थर्मासमध्ये भरून ठेवा, आणि माइकमध्ये ओरडू नका. ओरडल्याने आवाज फाटतो आणि समोरच्याला अक्षरं कळत नाहीत. एएलसीची (आवाजाची पातळी आवरणाऱ्या यंत्रणेची) सुई मर्यादेत ठेवली की साध्या बोलण्यानेही पूर्ण शक्ती बाहेर पडते.

सोमवारी सकाळी

आधी झोपा. मग लॉग उघडा आणि टायपिंगच्या उघड चुका तपासा : वयाच्या जागी ५९ दोनदा पडलंय का, बँड बदलला पण लॉगरमध्ये तसाच राहिला का. वहीत लिहिलेलं असेल आणि टाइप करताना चुकलं असेल ते दुरुस्त करा. पण इंटरनेटवरच्या याद्या बघून "हा कॉलसाइन बहुतेक असा असेल" म्हणून बदलू नका. जे ऐकलं तेच पाठवायचं. खात्री नसलेला एखादा संपर्क असेल तर काढून टाका.

काब्रिलो फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते. वरच्या ओळींत कॉलसाइन, स्पर्धेचं नाव, गट आणि शक्ती बरोबर आहे का बघा, मग खाली एकेका संपर्काची ओळ : फ्रिक्वेन्सी, पीएच (म्हणजे फोन), तारीख, वेळ, तुमचा कॉलसाइन, ५९ आणि तुमचं वय, मग समोरच्याचं तसंच. नियमपत्रिकेत दिलेल्या तारखेच्या आत ती पाठवा. तीसच संपर्क झाले असले तरी पाठवा. तुमचा लॉग आला नाही तर ज्या तीस जणांनी तुम्हाला वेळ दिला त्यांचे संपर्क पडताळायला तेवढा एक आधार कमी पडतो. स्पर्धेत क्रमांक नको असेल तर चेकलॉग, म्हणजे फक्त पडताळणीसाठीचा लॉग, म्हणून पाठवता येतो.

त्याच फाइलवरून लॉगबुक ऑफ द वर्ल्ड या ऑनलाइन नोंदवहीतही संपर्क चढवा. समोरच्यांना देशांच्या पुष्टीसाठी ते लागतं. कागदी क्यूएसएल (संपर्काच्या पुष्टीची) कार्डं काही जण अजून पाठवतात. एका कार्डावर पेनने लिहिलेलं होतं, "माझ्या लॉगमधली पहिली भारतीय महिला, ४६". ते मी रेडिओच्या वर अडकवलंय.

तार उतरवू नका. ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी सीक्यू वर्ल्ड वाइड या दुसऱ्या स्पर्धेचा फोन भाग असतो, पुन्हा शनिवारी पहाटे साडेपाचपासून अठ्ठेचाळीस तास. तिथे वय विचारत नाहीत. झोनचा आकडा द्यायचा, आणि आपला झोन २२.